घारापुरीची गुरं

मुंबई दर्शनाला गेलेला शेगावकर घारापुरीहून परततो, तेव्हा त्याच्याजवळ एक ठरलेली गोष्ट असते. बेट ओसाड होतं, कोणा राजाने तिथे लेणी खोदली, पोर्तुगीजांनी मूर्तींवर नेमबाजी केली, मग इंग्रजांनी ती जगापुढे आणली. आणि पायऱ्यांच्या दुतर्फा टोप्या-माळा विकणारी मंडळी? ती पर्यटकांच्या मागोमाग आलेली. गाइड हे सांगतात, सहलीचे मास्तर सांगतात, चांगली शिकलेली माणसंही सांगतात. या गोष्टीतून शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्यांचं अख्खं गाव गळून पडतं, हा माझा पहिला आक्षेप.

शेगावात राहणाऱ्याला तो लवकर सुचतो, कारण आमचंही तेच झालं आहे. लोक शेगावचा इतिहास २३ फेब्रुवारी १८७८ पासून, गजानन महाराज प्रकटले त्या दिवसापासून, मोजतात. त्याआधी दहाएक वर्षं इथून आगगाडी धावत होती आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे जात होता. पत्रावळीवरची शितं वेचणाऱ्या महाराजांना ज्यांनी ओळखलं, ते बंकटलाल अग्रवाल सधन घरातले. असं घर उजाड माळावर नसतं. देवस्थान मोठं झालं की गाव त्याच्या सावलीत जातं, एवढाच त्याचा अर्थ.

आता घारापुरी. ‘ओसाड’ हा शब्द तिथल्या मातीलाच मान्य नाही. किनाऱ्यावर रोमन मद्यकुंभांची, म्हणजे अँफोरांची खापरं सापडली आहेत, क्षत्रपांची नाणी सापडली आहेत, आणि पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. हे सगळं सहाव्या शतकातल्या शैव लेण्याच्या आधीचं. लेण्याच्या काळातली साक्ष तर अधिक बोलकी आहे. बेटावर कृष्णराज या कलचुरी राजाची तांब्याची नाणी मिळाली. नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी कलचुरींचे लेख संपादून १९५५मध्ये प्रसिद्ध केले. मुख्य लेणं कलचुरींचं, या मताला त्यांचा मोठा आधार मिळाला. मला मात्र राजापेक्षा त्या नाण्यांची किंमत महत्त्वाची वाटते. ती अगदी कमी मोलाची आहेत. राजा दान देतो ते अशा चिल्लरीत नव्हे. ही पाथरवटांची, हमालांची मजुरी असावी, असं अभ्यासकांनी म्हटलं आहे आणि ते पटतं. जिथे मजुरी मिळते, तिथे ती खर्च करायला दुकान लागतं, चूल लागते.

पूर्वपक्षाचा खरा जोर पोर्तुगीजांवर आहे. १५३४मध्ये वसईच्या तहाने हा मुलूख त्यांच्याकडे गेला आणि सैनिकांनी मूर्ती गोळ्यांनी फोडल्या, असं सरसकट सांगितलं जातं. मूळ वर्णनं काढून पाहावीत. गार्सिया द ओर्ता हा गोव्याचा वैद्य. त्याचा ग्रंथ १५६३चा. हे लेणं आत शिरणाऱ्या गुरांमुळे खराब झालं आहे, अशी त्याची तक्रार आहे. गुरांमुळे! पुढे १७१२मध्ये पाइक नावाच्या इंग्रज कप्तानाने लेणं पाहिलं. पावसाळ्यात पोर्तुगीज तिथे गुरं बांधतात, असं तोही लिहितो. तोफेचा उल्लेखही त्याच्याकडे आहे, तो लपवायचं कारण नाही: कोणा एका फिदाल्गोने, म्हणजे सरदाराने, प्रतिध्वनी ऐकण्याच्या हौसेखातर आत तोफ डागली आणि काही खांब मोडले. मूर्खपणा खरा, पण मूर्तिभंजनाची मोहीम ती नव्हे. लेण्यात उभं राहून पाहिलं तरी कळतं. नेमबाजी करायची तर समोर सर्वांत मोठं लक्ष्य सदाशिवाचं, साडेपाच मीटर उंचीचं. ते बरंचसं शाबूत आहे. मोडतोड जास्त दिसते ती मूर्तींच्या खालच्या अंगाला, पायांना आणि खांबांच्या बुंध्यांना. म्हणजे जिथे पाणी साचतं आणि जनावर अंग घासतं तिथे.

पोर्तुगीजांना निर्दोष ठरवण्याचा माझा हेतू नाही. लेण्यातला कोरीव लेख काढून त्यांनी पोर्तुगालच्या राजाकडे धाडला, असं त्यांचाच बखरकार दिओगो द कौतो सांगतो. तो लेख आज असता तर कलचुरी की आणखी कोणी, हा वादच उरला नसता. पण ती गुरं जवळजवळ दीडशे वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या साक्षीदारांना दिसतात. ती चारणारा, दोहणारा, पावसात आत हाकणारा कोणी तरी होताच. पोर्तुगीज सरकारने हे बेट जुआंव पिरेस याला वर्षाला १०५ पार्दाव खंडाने दिलं होतं. नांगर न लागणाऱ्या खडकाचा खंड कोण भरतो?

यावर एक रास्त शंका निघेल: आजची घराणी त्याच गुराख्यांची कशावरून? तसा दावा मी करत नाही. ऐहोळेच्या ६३४च्या शिलालेखात चालुक्य राजा पुलकेशीने आरमार घेऊन जिंकलेली ‘पुरी’ म्हणजे हेच बेट, असंही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्या मानाला राजपुरीसारखे इतर दावेदार आहेत. कोकणात माणसं आली, गेली, पुन्हा आली. पण वारसा सांगायला सातबारा दीड हजार वर्षांचा लागत नाही. महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते आणि एकोणिसाव्या शतकातल्या लेखकांनीही ती नोंदवली आहे. पुरातत्त्व खात्याच्या लेखी ते स्मारक असेल, जत्रेला येणाऱ्याला ते देऊळच आहे.

राहिला गावाच्या तुटलेपणाचा मुद्दा. फेब्रुवारी २०१८मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून गावात वीज आली, तेव्हा बातम्यांचा सूर ‘दुर्गम बेटावर अखेर उजेड’ असा होता. दुर्गम? गेटवेहून लाँचने तासाभराचा रस्ता. शेजारी न्हावा-शेव्याचं बंदर, १९८९पासून जगभरची जहाजं तिथे लागतात. लेण्यांना जागतिक वारशाचा मान १९८७मध्ये मिळाला, गावाला दिवसभराची वीज त्यानंतर ३१ वर्षांनी. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर. ही ३१ वर्षं समुद्राच्या माथी मारता येत नाहीत. ती फायलींमध्ये गेली, आणि फायलीत लेणी होती, गाव नव्हतं.