सिद्धगडचा लढा: मुरबाड-शहापूरची जंगलाची गाऱ्हाणी स्वातंत्र्ययुद्धापर्यंत कशी पोहोचली?

दादरला प्लाझा सिनेमासमोरचं कोतवाल उद्यान मुंबईकरांना ठाऊक असतं. ते ज्यांच्या नावाचं आहे ते वीर भाई कोतवाल कुठे आणि कशासाठी मारले गेले, हे मात्र फार थोड्यांना सांगता येतं. ती जागा मुंबईपासून फार लांब नाही. मुरबाड तालुक्यात, भीमाशंकरच्या डोंगररांगेला टेकून उभ्या असलेल्या सिद्धगडाच्या जंगलात २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी गोळीबार केला. त्यात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि हिराजी गोमाजी पाटील हे दोघे ठार झाले. कोतवाल तेव्हा तीस वर्षांचे होते.

'भारत छोडो'च्या इतिहासात ही घटना बहुधा एका ओळीत उरकली जाते. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींनी हाक दिली आणि माणसं उठली, एवढंच सांगितलं जातं. पण हाक देशभर गेली होती. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यातले लोक भूमिगतांना भाकर आणि आसरा द्यायला तयार का झाले, हे समजून घ्यायचं तर शंभर वर्षं मागे जावं लागतं.

राब, साग आणि मोह

शहापूर आणि मुरबाड हे भाताचे तालुके. इथे राहणारे कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी यांचं शेत जंगलाशिवाय पुरं होत नव्हतं. त्याचं कारण 'राब'. पावसाळ्याआधी रोप टाकायच्या तुकड्यावर झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि शेण यांचे थर लावून ते जाळायचे. त्यात तण मरतं, राखेचं खत होतं आणि मग पहिल्या पावसावर बी पेरायचं. ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटायला मिळाल्या नाहीत की राब नाही, राब नाही तर जोमदार रोप नाही. उतारावरच्या वरकस जमिनीतल्या नाचणी-वरीचीही तीच गत.

इंग्रज सरकारला याच जंगलात लाकूड दिसलं. मुंबईहून निघालेली रेल्वे १८५४ मध्ये कल्याणला आणि १८६१ मध्ये कसाऱ्याला पोहोचली. १८६५ मध्ये थळ घाटातून गाड्या वर जाऊ लागल्या. रुळांखालचे स्लीपर, बांधकामाचा साग, वाढत्या मुंबईचं सरपण आणि कोळसा, या सगळ्यासाठी ठाणे जिल्ह्याचं जंगल हाताशी होतं. १८७८ च्या वन कायद्याने त्याचा मोठा भाग राखीव करायची वाट मोकळी केली. साग-शिसवासारखी झाडं माणसाच्या स्वतःच्या शेतात उभी असली तरी त्यांवर सरकार हक्क सांगे. काल जे वहिवाटीने चालत होतं, ते आज गुन्हा झालं. गुरं चरायला सोडली, फांदी तोडली, खैरापासून कात पाडला, की वनरक्षक दारात. कातकऱ्यांचं तर नावच कातावरून पडलं असं मानलं जातं. तो धंदा आवळला गेला आणि ते ठेकेदारांच्या कोळशाच्या भट्ट्यांवर मजुरीला लागले.

जंगलाच्या जोडीला दारूचा कायदा आला, आणि तो माझ्या मते कमी लेखला जातो. १८७८ च्याच आबकारी कायद्याने घरच्या भट्ट्या बंद पडल्या आणि दारूचा मक्ता मोठ्या कारखानदारांकडे गेला. ठाणे-कुलाब्याची मोहाची दारू उरणला गाळली जाऊ लागली. तरीही लोक चोरून गाळतात म्हणून १८९२ मध्ये सरकारने थेट मोहाच्या फुलांवरच कायदा केला. त्याचा रोख ठाणे आणि कुलाबा याच जिल्ह्यांवर होता. आदिवासींसाठी मोह हा फक्त दारूचा माल नव्हता. उन्हाळ्यात कणगी रिकामी झाली की वाळवलेली फुलं खाण्यात यायची. म्हणजे गाळणाऱ्याला पकडायला निघालेला कायदा उपाशी माणसाच्या टोपलीपर्यंत आला. योगायोग असा की त्याच १८९२ मध्ये शहापूर तालुक्यातलं तानसा धरण पुरं होऊन त्याचं पाणी मुंबईला जाऊ लागलं.

बंड आणि अर्ज

या भागाने दोन्ही मार्ग वापरून पाहिले होते. बंडाचा मार्ग जुना. १८१८ नंतर डोंगरी किल्ल्यांच्या राखणीवर जगणाऱ्या कोळी नाईकांची वतनं आणि नेमणुका कापल्या गेल्या. सारा रोखीत भरायचा म्हणून सावकार घरात शिरला. अकोल्याच्या देवगावचे राघोजी भांगरे यातूनच उभे राहिले. १८४४ नंतर त्यांच्या टोळ्या घाटमाथ्यावर आणि खाली कोकणाच्या बाजूला हालचाली करत होत्या. त्यांचा पहिला राग सावकारांवर निघाला. सरकारने सावकारांच्या पाठीशी पोलीस उभे केले, तेव्हा तो सरकारवर वळला. २ मे १८४८ रोजी राघोजींना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली.

अर्जांचा मार्ग वन कायद्यानंतर खुला झाला. ठाणे जिल्ह्यात जंगलाविषयीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. १८८७ मध्ये त्याचा जाडजूड, अनेक खंडांचा अहवाल आला. राब, चराई, खाजगी जमिनीतली झाडं, वनरक्षकांचा त्रास, हे सगळं त्यात नोंदलं गेलं. काही सवलतीही मिळाल्या. पण जंगल कोणाचं, या प्रश्नाचं उत्तर बदललं नाही. सवलत सरकार देत होतं आणि सरकारच ती काढून घेऊ शकत होतं.

अशीच गोष्ट शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घडली होती. तिथल्या इंग्रज वसाहतींत उंच पाइन वृक्षांवर बाणाची खूण करून ते राजाच्या आरमाराच्या डोलकाठ्यांसाठी राखून ठेवत. जमीन वसाहतवाल्याची, झाड राजाचं. १७७२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या वेअर गावात लाकूड कापणाऱ्यांनी अटक करायला आलेल्या शेरीफला मारझोड करून हाकललं. तीन वर्षांनी स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं. तिथे आणि इथे मोठा फरक होता. अमेरिकन वसाहतवाल्यांकडे स्वतःच्या विधानसभा होत्या, छापखाने होते, बंदुका होत्या. गाऱ्हाणं आणि ते साऱ्या देशाचं करणारी यंत्रणा एकाच गावात सापडत होती. मुरबाडच्या ठाकूरवाडीत गाऱ्हाणं होतं, यंत्रणा नव्हती. त्यामुळे इथे तीन वर्षांचं अंतर कापायला तीन-चार पिढ्या गेल्या.

मधली माणसं

ही यंत्रणा विसाव्या शतकात हळूहळू आली. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि माणसं मेली. तिथे फांदी तोडणं हा उघड राजकीय गुन्हा झाला. पूर्वी जी गोष्ट रात्री चोरून केली जायची, ती आता तिरंगा घेऊन, गर्दीने, दिवसाढवळ्या केली गेली. सविनय कायदेभंगासाठी समुद्रकाठी मीठ होतं. समुद्र नसलेल्या डोंगरपट्ट्यात काँग्रेसला जंगल सापडलं.

भाई कोतवाल या मधल्या माणसांपैकी. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्ये नाभिक कुटुंबात जन्म. पुण्यात शिक्षण, पुढे कायद्याची पदवी. साहेबांच्या हवा खाण्याच्या गावात वाढलेल्या या मुलाने साहेबाचं राज्य आणि ते वाहणारी माणसं, दोन्ही जवळून पाहिलं होतं. १९४१ मध्ये ते माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. पण त्यांचं खरं काम डोंगराखालच्या गावांत होतं. शेतकऱ्यांच्या, आदिवासींच्या मुलांसाठी शाळा चालवणं, सावकाराच्या कागदांवर वकिली सल्ला देणं आणि धान्यकोठ्या उभारणं. शेवटचं काम वाटतं तितकं साधं नाही. पावसाळ्याच्या तोंडाला घरात दाणा नसतो, तेव्हा सावकार एक मण भात देऊन सुगीला दीड-दोन मण घेतो. गावाची स्वतःची धान्यकोठी असली की त्याच्या दारात जावं लागत नाही. म्हणून कोठी ही सावकाराला सर्वांत जास्त झोंबणारी संस्था.

पुढे भूमिगत झाल्यावर कोतवालांना गावांनी जो आसरा दिला, त्याची पायवाट या कोठ्यांनी आणि शाळांनी आधीच पाडून ठेवली होती.

मनोरे का पाडले?

१९४२ च्या सुरुवातीला जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथून मुंबई इलाख्यात येणारा तांदूळ थांबला. भाव चढले, टंचाई वाढली. ८ ऑगस्टला गवालिया टँकवर 'भारत छोडो'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वरचे सगळे नेते तुरुंगात होते. १४ ऑगस्टला पालघरला मोर्चावर गोळीबार होऊन पाच जण मेले. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. अर्ज ज्यांच्यापुढे करायचा ते बंदूक घेऊन उभे होते आणि थोपवणारे नेते बाहेर राहिले नव्हते.

कोतवालांनी भूमिगत होऊन 'आझाद दस्ता' उभा केला. कर्जत, नेरळ, मुरबाडच्या खेड्यांतले तरुण त्यात आले. मानिवलीचे हिराजी पाटील त्यांतले एक. दस्त्याने निवडलेलं लक्ष्य होतं विजेचे मनोरे. खोपोली, भिवपुरी आणि भिरा इथल्या टाटांच्या जलविद्युत केंद्रांमधून मुंबईच्या गिरण्या आणि विजेवर चालणाऱ्या रेल्वेला वीज जायची. गिरण्या आणि रेल्वे तेव्हा युद्धासाठी राबत होत्या. आणि या वीजवाहिन्या ज्या रानातून जात, त्या रानाची खडान्‌खडा माहिती दस्त्यातल्या पोरांना होती. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात दस्त्याने अनेक मनोरे पाडले. अकरा हा आकडा बहुतेक ठिकाणी दिला जातो.

या लक्ष्याच्या निवडीत मला या सगळ्या इतिहासाचं उत्तर दिसतं. राघोजींच्या काळात बंडखोरासमोर सावकार असायचा, १८८० च्या दशकात वनरक्षक. साम्राज्य त्यांच्या मागे कुठेतरी लांब असे. १९४२ मध्ये पहिल्यांदा डोंगरातल्या माणसाला साम्राज्याच्या नसेवर थेट बोट ठेवता आलं. डोंगरातून मुंबईला लाकूड गेलं, पाणी गेलं, वीज गेली. त्यातली जी एक गोष्ट एका रात्रीत तोडता येते, ती त्यांनी तोडली.

सरकारने कोतवालांच्या डोक्यावर बक्षीस लावलं. दस्ता मागे सरकत सिद्धगडाच्या जंगलात शिरला. ठावठिकाणा फितुरीने कळला, हे या भागात आजही सांगितलं जातं. हॉल या अधिकाऱ्याच्या हाताखालच्या पोलीस तुकडीने २ जानेवारीच्या पहाटे तळ गाठला.

याला युद्ध म्हणावं का? मूठभर माणसं, चार-पाच महिने, थोडी हत्यारं. लष्करी मोजमापाने नाही. साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४६ पर्यंत टिकलं, न्यायनिवाडा करू लागलं, तसं इथे काही उभं राहू शकलं नाही. मुंबईच्या इतक्या जवळ आणि वीज-रेल्वेच्या इतक्या नाजूक जागी सरकार ते राहू देणारही नव्हतं. पण अर्ज, सवलत आणि दंड या फेऱ्यातून बाहेर पडून इथले लोक सरकारचं राज्यच नाकारत होते, हे खरं.

मनोऱ्यांनंतर

सिद्धगडानंतर गाऱ्हाणी संपली नाहीत. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. त्याच वर्षी गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा दिला. कूळ कायदा १९४८ मध्ये आला. १ एप्रिल १९५७ च्या 'कृषकदिना'ने कुळांना जमिनीचे मालक केलं, कागदावर तरी. जंगल मात्र राखीवच राहिलं, फक्त खातं स्वदेशी झालं. तानसाच्या जोडीला वैतरणा आणि भातसाचं पाणीही शहापुरातून मुंबईला जाऊ लागलं. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात टँकर फिरतात.

१८७८ च्या गाऱ्हाण्याला कायद्याने उत्तर मिळालं ते २००६ च्या वनहक्क कायद्यात. वनवासी लोकांवर 'ऐतिहासिक अन्याय' झाल्याचं हा कायदा प्रस्तावनेतच मान्य करतो. आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. कुणबी-आगरींसारख्या इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेआधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती सिद्ध करावी लागते. शंभर वर्षांपूर्वी जंगलात राबणाऱ्याला कोण पट्टा लिहून देणार होतं? त्यामुळे दाव्याच्या फायलीत पुरावा म्हणून अनेकदा जोडली जाते ती वनखात्याने कधीकाळी आजोबांना ठोठावलेल्या दंडाची पावती.