मधुमेह आणि तांब्याची साक्ष

रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात, हें लक्षण चरकसंहितेंत प्रमेहाच्या पूर्वचिन्हांत सांगितलें आहे. म्हणजे साखरेची पहिली साक्ष मुंग्यांनीं दिली. ती डोळ्यांना दिसली फार पुढें. १७७६ सालीं लिव्हरपूल येथील वैद्य मॅथ्यू डॉब्सन यानें मधुमेह्याचें मूत्र आटवून उरलेला पांढरा, रवाळ व गोड पदार्थ लोकांपुढें मांडला.

परंतु प्रत्येक रोग्याचें मूत्र आटवीत बसणें शक्य नव्हतें. तेथें तांबें उपयोगी पडलें. १८४१ सालीं जर्मन रसायनज्ञ ट्रोमर यानें, आणि त्याच दशकांत फेहलिंगनें, ताम्रक्षारांचें निळें अल्कद्रावण वापरलें. साखरेसह तें तापविलें कीं साखरेचें ऑक्सिडीकरण होई आणि तळाशीं तांबड्या ताम्र-ऑक्साइडचा साका बसे.

मात्र मूत्रांतील साखर ही उशिरा येणारी वर्दी होय. इन्सुलिन घेणाऱ्या रोग्याला रक्तांतील साखर उतरल्याचा धोकाही वेळीं कळावा लागतो. १९६२ सालीं अमेरिकेंतील लेलंड क्लार्क व चॅम्प लायन्स यांनीं एन्झाइम व विद्युदग्र यांची सांगड घातली. आजचीं घरगुती मापनयंत्रें त्याच कल्पनेचीं वंशज आहेत. पण एन्झाइम नाजूक. उष्णतेनें त्याचा गुण जातो.

दुसरी वाट धातूंची. १९७१-७२ मध्यें साउदॅम्प्टन येथें फ्लाइशमन, कोरिनेक व प्लेचर यांनीं अल्कद्रावणांत निकेल, तांबें इत्यादि धातूंवरील ऑक्साइडचा थर सेंद्रिय द्रव्यांचें ऑक्सिडीकरण कसें घडवितो, याचा अभ्यास केला. ताम्र-ऑक्साइडचा पातळ थर याच रीतीनें ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन घेऊन विद्युदग्राला देतो. तो प्रवाह मोजला कीं साखर मोजली गेली.

प्रवाह वाढवावयाचा तर थराचा पृष्ठभाग जागा करावा लागतो. तें काम प्लाझ्मा करतो. विरळ वायूंत वीज खेळविली असतां होणाऱ्या तेजस्वी, विद्युद्भारित वायूला १९२८ सालीं अर्व्हिंग लँगम्यूर यानें हें नांव दिलें. त्याचे कण थरावर आदळून मळ झाडतात, कोठें प्राणवायूचे अणु उडवून रिकाम्या जागा करतात. तेथें प्रतिक्रिया सुलभ होते.

तरी अडचण उरतेच. असा थर उत्तम चालतो तीव्र अल्कद्रावणांत. रक्त तर जवळजवळ उदासीन. शिवाय रक्तांतील यूरिक आम्ल व क जीवनसत्त्व प्रवाहांत भर घालून मापन फसवूं शकतात, आणि त्या आंकड्यावर इन्सुलिनची मात्रा ठरावयाची असते. तांब्याची साक्ष जुनी खरी. रोग्यानें तिच्यावर निःशंक विसंबावें, इतकी ती अद्याप चोख व्हावयाची आहे.