दिनविशेष : २६ नोव्हेंबर १८१७ – सीताबर्डीचा संग्राम

नाग नदीकाठच्या नागपुरात, भोसल्यांच्या राजधानीत, आजच्या सायंकाळी अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचे, इंग्रज रेसिडेंट जेंकिन्स यांच्या रक्षणार्थ सीताबर्डीच्या जोडटेकड्यांवर तळ दिलेल्या इंग्रजी पलटणींशी युद्ध जुंपले. दुसऱ्या दिवशी अरब शिपायांनी लहान टेकडी हस्तगतही केली, परंतु दारूगोळ्याचा स्फोट होऊन ती निसटली आणि भोसल्यांचा स्वतंत्र अंमल मावळतीस लागला. पुढे तेथे बांधलेला किल्ला आज लष्कराच्या ताब्यात असून प्रजासत्ताकदिनी व स्वातंत्र्यदिनी जनतेस खुला होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या काळ्या मारबतीच्या, म्हणजे काळ्या पुतळ्याच्या, मिरवणुकीतही, इंग्रजांशी हातमिळवणी केल्याचा भोसले घराण्यातील बाकाबाईंविषयीचा लोकप्रवाद ही नगरी स्मरते. मात्र त्याहून अधिक अगत्याने, टेकडीवर धारातीर्थी पडलेल्या अनामिक शिपायांची स्मृती जपणे हे प्रत्येक नागपूरकराचे कर्तव्य होय.