नगावर शिकवलेली मुले

लहान मुलाला शिकावेसे का वाटते हा प्रश्न विद्वानांचा. विडी-कामगारांत आयुष्य घालवलेल्या आम्ही त्यात का पडावे, असे श्रोत्यांपैकी कोणी विचारील. त्याचे कारण असे की, या प्रश्नाचा इतिहास चाळताना आम्हांला एक जुनी ओळखीची गोष्ट भेटली. ती म्हणजे नगावरची मजुरी.

इंग्लंडात गरिबांच्या प्राथमिक शाळांना सरकार १८३३ पासून पैसा देत असे. खर्च वाढला, आणि १८६१ मध्ये चौकशी आयोगाने तक्रार केली की, शिक्षक वरच्या वर्गांतील मुलांकडेच पाहतात, लहानांना कोणी विचारीत नाही. ही तक्रार अगदीच खोटी नव्हती. पण औषध काय निघाले? शिक्षणखात्याचे रॉबर्ट लो यांनी १८६२ मध्ये नवी नियमावली आणली. सहा वर्षांवरील मुलाची ठरलेली हजेरी भरली की त्याच्या नावावर शाळेला आठ शिलिंग. मात्र वर्षाकाठी इन्स्पेक्टर येऊन वाचन, लेखन व अंकगणित तपासणार, आणि नापास झालेल्या दर विषयामागे दोन शिलिंग आठ पेन्स कापणार. तिन्हींत नापास, तर आठही गेले! विडीच्या कारखान्यात छाट काढतात, तीच ही रीत; फरक एवढाच की, येथे छाट व्हायची ती पोराची.

पुढे काय झाले ते कोणत्याही कामगाराने न वाचता सांगावे. ज्या विषयाला पैसा नाही तो मागे पडला. नेमलेले पुस्तक मुलांकडून घोकून घेतले जाऊ लागले. कवी मॅथ्यू आर्नोल्ड यांनी शाळा-इन्स्पेक्टर म्हणून पस्तीस वर्षे काढली. मुलाला खरोखर वाचता येत नसतानाही ते वाचनात पास होऊ शकते, हे त्यांनी सरकारला अहवालांतून बजावले. १८७० मध्ये प्राथमिक शिक्षकांनी देशव्यापी संघटना उभारली, आणि ही पद्धत मोडणे हा तिचा एक मोठा लढा झाला. आमच्या मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांचे अनुदान याच तत्त्वावर बेतले होते, आणि १८८२ च्या हंटर आयोगाने प्राथमिक शाळांसाठी ते उचलून धरले. इंग्लंडात तिचे शेवटचे अवशेष १८९७ च्या सुमारास गेले. सवय मात्र गेली नाही, असे एडमंड होम्स या निवृत्त इन्स्पेक्टरने १९११ मध्ये लिहिले.

मुलाच्या मनात काय होते, याचा पुरावा फार उशिरा आला. १९७३ मध्ये मार्क लेपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील बालवाडीत चित्रांची आवड असलेली मुले निवडली. काहींना आधीच बक्षीस कबूल केले. थोड्या दिवसांनी मोकळ्या वेळात हीच मुले इतरांच्या निम्माच वेळ चित्रे काढू लागली. न सांगता अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत राहिली. म्हणजे घात बक्षिसाने नव्हे, सौद्याने केला. पुढे डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी मनाच्या तीन गरजा मांडल्या: आपल्या मर्जीने करणे, आपल्याला जमते असे वाटणे, आणि आपल्या माणसांत असणे. लो यांच्या कोष्टकात तिघींनाही रकाना नव्हता.

आमच्या एका सभेत तिसरीतली एक पोर कोपऱ्यात बसून आईच्या विड्यांची छाट मोजीत होती. कारखान्याच्या माणसाने आकडा फुगवला असावा, असा आईला संशय होता. पोरीचा हिशेब दोनदा चुकला. कोणी रागावले नाही, कोणी खाऊही देऊ केला नाही. तिने पाटी पुसली आणि तिसऱ्यांदा मांडणी सुरू केली.