कृष्णराज नेमका कोणता?

चांदीचं नाणं, अंगठ्याच्या नखाएवढं, वजन दोन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला उजवीकडे पाहणारा राजाचा चेहरा. दुसऱ्या बाजूला बसलेला वशिंडाचा बैल आणि त्याच्या भोवतीने कडेकडेने फिरणारी बारीक अक्षरांची ओळ. ही ओळ वाचायची म्हणजे चिकाटीचं काम, कारण ठसा मोठा आणि चांदीचा तुकडा लहान. एका नाण्यावर ओळीचा एक भाग उमटलेला असतो, दुसऱ्यावर दुसरा. पाच-सहा नाणी शेजारी ठेवून एकावरची अक्षरं दुसऱ्यावरच्या अक्षरांना जोडत गेलं, की सबंध बिरुद हाती येतं: परममाहेश्वर, मातापितृपादानुध्यात, श्रीकृष्णराज. शिवाचा परमभक्त, आईवडिलांच्या चरणांचं ध्यान करणारा कृष्णराज.

नाव मिळालं, पण राजा मिळाला नाही. घराणं लिहिलेलं नाही, वर्ष नाही, टांकसाळ नाही. दख्खनच्या इतिहासात कृष्ण नावाचे राजे तर किती तरी.

अशी नाणी नाशिक जिल्ह्यात बागलाणातल्या देवळाणे गावी सापडली, तशी साष्टीत आणि कराडलाही सापडली. माळव्यातून आली आणि विदर्भातूनही आली. जमिनीत सापडलेल्या ठेव्याविषयीचा कायदा 1878 साली झाला. तेव्हापासून असं धन मिळालं की ते सरकारदरबारी जमा व्हायचं, आणि मुंबई इलाख्यातली नाणी तपासणीसाठी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेकडे जायची. अस्सल नाणं टपालात घालायला कोणाचाही जीव धजत नसे. म्हणून नाण्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल घासायची, किंवा लाखेवर, प्लास्टरवर ठसा घ्यायचा आणि तो पाठवायचा. समोरचा अभ्यासक त्या ठशावरून आपलं वाचन कळवायचा. पटलं नाही, तर उत्तर पुष्कळदा थेट नियतकालिकातच छापून यायचं. 1872 साली जेम्स बर्जेस यांनी मुंबईत सुरू केलेलं ‘इंडियन अँटिक्वरी’ हे अशा वादांचं हक्काचं मैदान होतं. एका अंकात कोणी मत मांडावं आणि पुढच्या एखाद्या अंकात दुसऱ्याने ते खोडून काढावं, ही तिथली रीतच होती.

कृष्णराजाचा पहिला अंदाज राष्ट्रकूटांकडे गेला, आणि तो मुळीच वेडगळ नव्हता. वेरूळचं कैलास लेणं ज्याच्या नावाशी जोडलं जातं तो राष्ट्रकूट कृष्ण पहिला आठव्या शतकातला. राजा शिवभक्त, नाव जुळणारं, मुलूखही जुळणारा. शिवाय राष्ट्रकूटांसारख्या बलाढ्य घराण्याची नाणी जवळपास सापडतच नाहीत, हे कोडं अभ्यासकांना आधीपासून छळत होतं. इकडे नाणी नसलेला मोठा राजा आणि तिकडे राजा नसलेली नाणी. दोघांची गाठ घालून देण्याचा मोह कोणाला आवरणार? अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्यासारख्या मुरलेल्या पुरातत्त्वज्ञानेही ही नाणी राष्ट्रकूटांच्याच खात्यावर मांडली.

पण नाण्याची घडणच या निकालाच्या आड येत होती. आकार, बैल, चेहऱ्याची ठेवण हे सगळं पश्चिमेकडच्या गुप्तांच्या चांदीच्या नाण्यांच्या वळणाचं. बसलेला नंदी स्कंदगुप्ताच्या नाण्यांवरही दिसतो. अक्षरंही आठव्या शतकातली वाटेनात. काळ मागे न्यायचा तर राष्ट्रकूटांच्याच घराण्यात आणखी एखादा जुना कृष्ण कल्पावा लागत होता, आणि तसा तो कल्पलाही गेला. पुरावा कमी पडला की एक राजा वाढवायचा, ही त्या काळच्या संशोधनातली खरी कमजोरी होती. त्या अभ्यासकांविषयी कितीही आदर असला तरी हे म्हणावंच लागतं.

कोडं सुटायला लागलं ते ताम्रपटांमुळे. नाशिक जिल्ह्यात अभोण्याला आणि वडनेरला, गुजरातेत सरसवणीला कलचुरी राजांचे ताम्रपट सापडले आणि त्यांतून तीन पिढ्या समोर आल्या: कृष्णराज, त्याचा मुलगा शंकरगण, नातू बुद्धराज. अभोण्याच्या पटात शंकरगण आपल्या बापाविषयी सांगतो, की तो जन्मापासूनच पशुपतीला शरण गेलेला होता. नाण्यावरचा ‘परममाहेश्वर’ इथे ताम्रपटात भेटतो. अभोणे कळवण तालुक्यात, देवळाणे शेजारच्या बागलाणात. राजाचं नाव आणि राजाची नाणी एकमेकांच्या कुशीतच पडून होती.

अभोण्याच्या पटावर साल आहे 347. हे 347 कुठून मोजायचं, यावरही वाद झालाच. कनिंगहॅम यांनी कलचुरी संवताचा आरंभ इसवी सन 249 धरला होता. फ्रान्झ कीलहॉर्न पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवून पुढे जर्मनीत ग्योटिंगेनला गेले. त्यांनी लेखांमधल्या तिथी-वारांचं गणित मांडून तो 248 वर आणला. वर्षभराचा फरक, पण त्यासाठी किती लेखांतले वार पुन्हा पुन्हा ताडून पाहिले गेले! पुढे वासुदेव विष्णु मिराशी यांनी दाखवलं, की पश्चिमेकडच्या जुन्या लेखांना 249 चा आरंभ जुळतो आणि नंतरच्या लेखांना 248 चा. कोणत्याही हिशोबाने 347 म्हणजे सहाव्या शतकाची अखेर. म्हणजे बाप कृष्णराज त्या शतकाच्या मध्यावर.

मिराशी मूळचे कोकणातल्या कुवळे गावचे, कर्मभूमी नागपूर. कलचुरींच्या लेखांचा त्यांनी संपादलेला प्रचंड संग्रह 1955 साली प्रसिद्ध झाला. या नाण्यांच्या बाबतीत सर्वांत बोलका पुरावाही त्यांनीच उजेडात आणला. त्र्यंबकेश्वराजवळच्या अंजनेरीचे ताम्रपट हरिश्चंद्रवंशी भोगशक्तीचे, साल 461, म्हणजे इसवी सन 710च्या सुमाराचे. त्यांत व्यापाऱ्यांना दिलेल्या सवलती आहेत आणि निरनिराळ्या गुन्ह्यांचे दंड रूपकांत, म्हणजे चांदीच्या नाण्यांत, सांगितले आहेत. आणि त्याच पटांमध्ये शब्द येतो ‘कृष्णराज-रूपक’.

हा शब्द वाचताना मिराशींना काय वाटलं असेल याची कल्पना करावी. कृष्णराजाला जाऊन दीडशे वर्षं होत आली होती. चालुक्यांनी कलचुरींचा पाडाव केला, त्यालाही शतक उलटून गेलं होतं. तरी नाशिक भागातला व्यापारी देणंघेणं करताना त्याच राजाचं नाव घेत होता, आणि राजशासनही तेच नाव लिहीत होतं. शिवाय, 710 सालच्या लेखात ज्या नाण्याचं नाव रुळलेलं आहे ते नाणं त्यानंतर चाळीसेक वर्षांनी गादीवर आलेल्या राष्ट्रकूट कृष्णाचं असूच शकत नाही. तो मुद्दा तिथेच निकालात निघाला.

एक वाद मिटला, तरी त्याच नाण्यांवरून दुसरा उभा राहिला. मुंबईच्या बंदरातल्या घारापुरी बेटावर कृष्णराजाची तांब्याची नाणी मिळाली आहेत. घारापुरीचं मोठं लेणं कोणी कोरलं हा प्रश्न जुनाच. कोणी कोकणच्या मौर्यांचं म्हणालं, कोणी चालुक्यांचं, कोणी राष्ट्रकूटांचं. मिराशींनी कौल कलचुरींना दिला. अजिंठ्याच्या कालनिर्णयासाठी ओळखले जाणारे अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी तोच धागा पुढे नेला. हलक्या किमतीची ही तांब्याची नाणी लेणं कोरणाऱ्या कामगारांच्या मजुरीची असावीत, असं त्यांनी सुचवलं.

कल्पना मोहक आहे, आणि लेण्यातल्या शिवाच्या भव्य रूपांना शिवभक्त घराणं शोभूनही दिसतं. पण अंजनेरीचा ताम्रपट इथे आडवा येतो. कृष्णराजाची चांदी त्याच्यामागे दीडशे वर्षं बाजारात फिरत होती, तर त्याचं तांबं एखाद्या बेटावर नेमकं कधी पडलं हे नुसत्या नाण्यावरून कसं ठरवणार? ते पाथरवटाच्या कमरेच्या कशातून गळलं असेल, किंवा तीन पिढ्यांनंतर दर्शनाला आलेल्या एखाद्या नावाड्याच्या हातून. टांकसाळीतल्या घणाचा काळ नाणं सांगतं, हातातून निसटल्याचा काळ सांगत नाही. घारापुरी कलचुरींची मानणाऱ्या अभ्यासकांची बाजू आज जड आहे, पण तिचं वजन मुख्यतः शिल्पांच्या शैलीवर आणि त्या काळच्या राजकीय नकाशावर तोललेलं आहे. नाणी त्याला दुजोरा देतात, एवढंच. घारापुरीच्या त्या लेण्यातून कलचुरींचं नाव कोरलेला एकही शिलालेख अजून पुढे आलेला नाही.