पहिला झुरका

आमच्या विद्यापीठात विभागाच्या इमारतीमागे एक ओटा होता. दुपारच्या चहानंतर आमचे एक ज्येष्ठ प्राध्यापक तिथे बसून पाइप ओढत. संशोधनाला नुकतीच सुरुवात केलेल्या आम्हा दोघातिघांच्या डोक्यात पाइप आणि विद्वत्ता यांचे काहीतरी नाते पक्के बसले होते. एकदा धीर करून आम्ही म्हटले, "सर, आम्हालाही शिकवा." सरांनी हसून होकार दिला आणि वर्गात शिकवावे तसे शिकवले.

तंबाखू तीन चिमटींत भरायची. तळाची चिमूट लहान मुलाच्या हाताने दाबावी इतकी हलकी, मधली बाईच्या हाताची, वरची गड्याच्या हाताची. पहिल्या काडीने फक्त वरचा थर जळू द्यायचा, तो फुगला की हलकेच दाबायचा आणि दुसऱ्या काडीने खरा पाइप पेटवायचा. मग गरम चहाचा घोट घेतात तसे लहान लहान झुरके, मिनिटाला एखाद-दोन. घाई केली तर जीभ भाजते. आणि शेवटचा नियम त्यांनी दोनदा सांगितला: धूर तोंडात खेळवायचा, छातीत घ्यायचा नाही.

पाच मिनिटांत आम्हाला घाम फुटला. ओटा डोलू लागला. आमच्यातल्या एकाने कडुनिंबामागे जाऊन दुपारचे जेवण ओकून टाकले. "सावकाश म्हटलं होतं मी," सर म्हणाले. आमचे शिक्षण तिथेच संपले. पुढे तंबाखूच्या संशोधनाचा इतिहास वाचताना मात्र तो शेवटचा नियम पुन्हा पुन्हा समोर आला. त्या एका नियमाने मोठमोठ्या माणसांना चकवले आहे.

पहिला झुरका घेणाऱ्या एका फार मोठ्या माणसाची हकिगत सुदैवाने लिहून ठेवलेली आहे. हा माणूस म्हणजे बादशहा अकबर. त्याचा असद बेग नावाचा सरदार १६०३-०४ च्या सुमारास विजापूरला वकील म्हणून गेला होता. उत्तरेत कधी न पाहिलेली तंबाखू त्याला तिथे मिळाली. पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणलेले हे झाड दख्खनमध्ये तोवर रुळले होते. असद बेगने एक देखणा पाइप तयार करवला. त्याची नळी सुमात्रातल्या अचीनची, तीन हात लांब, दोन्ही टोकांना जडावाचे काम केलेली. तोंडात धरायचा भाग येमेनी अकीकाचा. हे सारे चांदीच्या तबकात मांडून त्याने आग्र्याला बादशहापुढे ठेवले.

अकबराने विचारले, हे काय? खान-इ-आझमने सांगितले की ही तंबाखू, मक्का-मदिनेत ती सर्वांना ठाऊक आहे, आणि औषध म्हणून आणली आहे. बादशहाने पाइप भरायला लावला. त्याचा हकीम पुढे होऊन नको म्हणू लागला, तरी असदचे मन राखण्यासाठी अकबराने दोन-तीन झुरके घेतले आणि मग पाइप खान-इ-आझमच्या हाती दिला. यानंतर दरबारात जो वाद झाला, तो आम्हाला त्या रत्नजडित नळीपेक्षा मोलाचा वाटतो.

हकिमाचे म्हणणे असे: हे न पारखलेले औषध आहे. आमच्या ग्रंथांत त्याचा उल्लेख नाही. ज्याचे गुणधर्म माहीत नाहीत, ते बादशहांना कसे द्यावे? असद बेगचे उत्तर असे: फिरंगी काही मूर्ख नाहीत, त्यांच्यातही जाणते लोक आहेत. तुम्ही स्वतः पारखून न बघताच निकाल कसा देता? जगातली प्रत्येक रीत कधीतरी नवीच होती. ग्रंथात नाही म्हणून वस्तू टाकायची तर चोपचिनीसारखे गुणकारी औषधही हाती आले नसते.

अकबराला हा युक्तिवाद फार आवडला. परक्या देशांतल्या शहाण्यांनी स्वीकारलेली वस्तू केवळ आपल्या पुस्तकांत नाही म्हणून नाकारली तर आपली प्रगती कशी होणार, अशा अर्थाचे तो बोलला. दरबारातल्या सरदारांनी तंबाखू मागून घेतली, व्यापारी ती विकू लागले, व्यसन झपाट्याने पसरले. स्वतः अकबराने मात्र पाइप पुढे चालू ठेवला नाही. हकीम शेवटपर्यंत बधला नाही, पण तो चांगला वैद्य होता, अशी नोंद असद बेगने प्रामाणिकपणे केली आहे.

वर्गात ही गोष्ट सांगितली तर मुले बहुधा असदच्या बाजूने उभी राहतील. आम्हीही राहिलो असतो. परंपरेपेक्षा परीक्षण श्रेष्ठ, हे त्याचे म्हणणे खरेच होते. अडचण एवढीच की परीक्षण कसे करायचे हे दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हते. दोन-तीन झुरक्यांनी घेरी येते की नाही, एवढेच कळते. चाळीस वर्षे रोज ओढल्यास काय होते, हे दरबारात बसून ठरवण्याची रीत जगात कुठेच नव्हती. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने १६०४ मध्ये तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली, तीत संताप भरपूर आणि पुरावा थोडा. जहांगिराने १६१७ मध्ये तंबाखूला बंदी केली, तिचा उपयोग झाला नाही. उलट १६६५ च्या प्लेगच्या साथीत ईटनच्या शाळेत मुलांना रोज सकाळी सक्तीने पाइप ओढायला लावत, कारण धुराने रोग दूर राहतो असे वैद्य सांगत. तिथे शिकलेल्या एका माणसाची आठवण टॉमस हर्न या इतिहासकाराने आपल्या रोजनिशीत नोंदली आहे: एके दिवशी पाइप ओढला नाही म्हणून त्याने जेवढे फटके खाल्ले, तेवढे आयुष्यात कधी खाल्ले नव्हते. आम्हा शिक्षकांच्या जमातीने कशाकशासाठी छडी उगारली आहे!

आता त्या शेवटच्या नियमाकडे वळू. धूर छातीत न घेता पाइपवाल्याला तलफ भागल्याचे समाधान कसे मिळते? याचे उत्तर आपल्याकडच्या तंबाखूच्या चंचीत आहे. तळहातावर तंबाखू घेऊन तिला चुना लावून मळतात, ते का? निकोटीन हे सौम्य आम्लारी आहे. आम्लधर्मी परिस्थितीत त्याचे रेणू विद्युतभारित होतात, आणि असे भारित रेणू गालाच्या आतल्या स्निग्ध पटलातून सहज पार होत नाहीत. चुन्यामुळे मिश्रण आम्लारीधर्मी झाले की निकोटीन भाररहित होते आणि तोंडातूनच रक्तात उतरते. चुना आम्लारी आहे हे हळदीचा कागद लाल होतो यावरून वर्गात दाखवता येईल. त्यासाठी तंबाखूची गरज नाही.

पाइपात आणि चिरुटात हे काम तंबाखू वाळवण्याच्या पद्धतीने होते. सावकाश हवेवर वाळवलेल्या पानातली साखर संपत जाते आणि त्याचा धूर आम्लारीकडे झुकतो. तो तोंडात खेळवला तरी पुरतो, किंबहुना छातीत ओढला तर झोंबतो व खोकला येतो. म्हणजे सरांचा नियम शिष्टाचारापेक्षा रसायनशास्त्राचा होता. नवशिक्याला घेरी येते तीही याच निकोटीनने. सरावलेल्या माणसाची मज्जासंस्था त्याला सवयीची झालेली असते, आमची नव्हती.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत भट्टीच्या उष्णतेने झटपट वाळवलेली, साखर टिकून राहिलेली पिवळी तंबाखू लोकप्रिय झाली. तिचा धूर आम्लधर्मी आणि सौम्य. तोंडातून त्यातले निकोटीन फारसे शोषले जात नाही, पण धूर झोंबत नसल्यामुळे तो खुशाल छातीत घेता येतो. तिथे सुमारे ७० चौरस मीटर पृष्ठभाग त्याची वाट पाहत असतो. काही सेकंदांत निकोटीन मेंदूत पोहोचते. १८८० च्या दशकात बॉन्सॅकच्या यंत्राने सिगारेटी स्वस्त केल्या आणि पाइप मागे पडू लागला. मग काही दशकांनी फुफ्फुसाचा कर्करोग, जो पूर्वी दुर्मीळ होता, तो वाढताना दिसू लागला.

१९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतील फुफ्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण आणि इतर रुग्ण यांची तुलना प्रसिद्ध केली. धूम्रपानाशी असलेले नाते स्पष्ट होते. हे काम चालू असतानाच डॉल यांनी स्वतःची सिगारेट सोडली. त्यानंतर दोघांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रे पाठवून सुमारे ४०,००० जणांच्या सवयी नोंदवल्या आणि कोण कशाने मरतो याची वाट पाहिली. अकबराच्या हकिमाला हवे होते ते परीक्षण असे असते: कंटाळवाणे, लांबलचक, आणि एकट्या-दुकट्या झुरक्यावर न विसंबणारे.

या निष्कर्षांवर सर्वांत धारदार हल्ला चढवला तो रोनाल्ड फिशर यांनी. आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी हे एक. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत ते अनेकदा येऊन राहिले होते. ते स्वतः पाइप ओढत, आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागारही होते. एवढ्यावरून त्यांना निकालात काढणे सोपे आहे, पण त्यांचे प्रश्न खरे होते. शेतातल्या वाफ्यांना चिठ्ठ्या टाकून खत ठरवता येते, तसे माणसांना सिगारेटी वाटून देता येत नाहीत. मग सिगारेटची ओढ आणि कर्करोग ही दोन्ही एकाच आनुवंशिक घडणीची फळे नसतील कशावरून? दुसरा प्रश्न त्याहून अडचणीचा. डॉल आणि हिल यांच्याच तक्त्यात धूर छातीत घेतो असे सांगणारे कर्करोगाच्या रुग्णांत ६१.६ टक्के, तर तुलनेच्या रुग्णांत ६७.२ टक्के होते. धूर हे कारण असेल तर हे उलटे कसे?

पहिल्या प्रश्नाला १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिले. सिगारेट ओढणाऱ्यांना धोका नऊपट असेल आणि तो एखाद्या जनुकीय घडणीमुळे असेल, तर ती घडण ओढणाऱ्यांत किमान नऊपट अधिक आढळली पाहिजे. असे काही कोणाला दाखवता आले नव्हते. दुसऱ्या प्रश्नाचा गुंता सावकाश सुटला. "तुम्ही धूर छातीत घेता का?" याचे उत्तर माणूस आपल्या समजुतीने देतो. अनेक वर्षे ओढणाऱ्याला धूर आत जातो हे जाणवतही नाही. अमेरिकेतल्या फार मोठ्या पाहणीत पुढे असे दिसले की धूर जितका खोल तितका धोका जास्त. आणि नंतर माणसाच्या शब्दावर विसंबण्याचीही गरज उरली नाही. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन रक्तात किती आहे ते मोजले, की धूर कुठवर गेला ते कळते.

पाइपवाल्यांना या सगळ्यात दिलासा मिळाला. १९६४ च्या अमेरिकी सरकारी अहवालाने सिगारेटला दोषी ठरवले; पाइप ओढणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण न ओढणाऱ्यांपेक्षा थोडेसेच जास्त आहे असे म्हटले. पुष्कळांनी एवढेच वाचले. त्याच अहवालात पाइपमुळे ओठाचा कर्करोग होतो हे सिद्ध झाल्याचे नमूद होते. ते नवीनही नव्हते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ झोमरिंग यांनी १७९५ मध्येच पाइप ओढणाऱ्यांच्या ओठाच्या कर्करोगाची नोंद केली होती. फ्रान्समध्ये माँपेलिएच्या बुइसाँ यांनी १८५९ मध्ये तोंडाचा कर्करोग झालेले ६८ रुग्ण तपासले, तेव्हा जवळजवळ सगळे धूम्रपान करणारे निघाले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातून संघवी, राव आणि वसंत खानोलकर यांनी १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जो निबंध लिहिला, त्यातही हेच सूत्र होते: तंबाखू चघळणाऱ्यांचा रोग एका जागी, ओढणाऱ्यांचा दुसऱ्या जागी. धूर किंवा रस जिथे रेंगाळतो, तिथे इजा. पाइपचा धूर तोंडात रेंगाळतो. शिवाय फुफ्फुसेही पूर्ण सुटत नाहीत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन पाहणीत केवळ पाइपच ओढणाऱ्या पुरुषांना फुफ्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका, कधीच तंबाखू न वापरणाऱ्यांच्या सुमारे पाचपट आढळला. स्वरयंत्राच्या कर्करोगाचा धोका तर तेरापट.

आणखी एक गट आहे, सिगारेट सोडून पाइपकडे वळलेल्यांचा. ब्रिटनमध्ये १९९७ साली वॉल्ड आणि वॉट यांनी त्यांचा हिशेब मांडला. त्यांच्या मृत्यूचे प्रमाण सिगारेट चालू ठेवणाऱ्यांपेक्षा कमी, पण आयुष्यभर फक्त पाइप ओढणाऱ्यांपेक्षा जास्त होते. रक्तातल्या कार्बन मोनॉक्साइडने कारणही सांगितले: सिगारेटने लावलेली छातीत धूर घेण्याची सवय पाइप हातात आल्यावरही सुटत नाही.

आमच्या सरांनीही तरुणपणी सिगारेट सोडून पाइप धरला होता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. आम्हाला ते तळमळीने सांगत की धूर छातीत जाऊ द्यायचा नाही. हे सांगत असताना, वाक्याच्या मधल्या विरामांत, त्यांच्या दोन्ही नाकपुड्यांतून धुराच्या बारीक रेघा बाहेर पडत. ओट्यावर समोरच बसून आम्ही त्या पाहत होतो.