अक्करमाशी

लासलगावच्या कृषिसेवा केंद्रांत मक्याच्या पिशवीवरील ‘संकरित’ हे विशेषण मालाचा भाव वाढविते. मनुष्याच्या जन्माला संकर लागू झाला, की आपल्याला ‘अक्करमाशी’ आठवते. ही शिवी मुळात सराफकट्ट्यावरची. संस्कृत ‘माष’ म्हणजे उडीद. त्या दाण्यावरून वजनाचा मासा झाला, फारसी दप्तरांत तो माशा म्हणून वावरला, आणि असे बारा भरले म्हणजे तोळा पुरा, अकराच भरले तर माल कमअस्सल. त्याच हिशेबाने विवाहबाह्य संबंधातून, बहुधा दोन जातींच्या, जन्मलेले मूलही कमअस्सल. बापाला मात्र कोणी काट्यावर चढविले नाही!

अक्कलकोट तालुक्यातील हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळे यांनी, महार माता आणि लिंगायत पाटील पिता यांच्या या पुत्राने, १९८४ साली हीच शिवी आत्मकथनाच्या मुखपृष्ठावर छापली. वाट कवितेने आधीच मोकळी केली होती : नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’त (१९७२) कामाठीपुऱ्याची बोली अशा बेमुर्वतपणे अवतरली, की प्रस्तावनाकार विजय तेंडुलकरांनाही कित्येक शब्दांचे अर्थ समजून घ्यावे लागले. ज्याला हिणवायचे तोच शब्द उचलून मिरवू लागला, की हिणवणाऱ्याची पंचाईत होते.

जुना तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा, हल्ली सराफ १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात, म्हणजे आजचा प्रतिष्ठित तोळा अकरा माशांचाही नव्हे. भांडणात शिवी अद्याप जुन्याच मापाने दिली जाते. ग्रंथालयात मात्र वाचक ‘अक्करमाशी’ बेधडक नाव घेऊन मागतात.